कडी कोणी काढली?

तमाम रयतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, रक्तातल्या तांबड्या पेशीत चोर शिरलेला असून पेशीला भोक मात्र कुठेही सापडलेले नाही!

मंडळी, ही दवंडी आमच्या कारंजा गावच्या दवाखान्यात पावसाळाभर रोज पिटली जाई. पिटणारे गृहस्थ सूक्ष्मदर्शकावर बसत. लोक त्यांना भिंगवाले म्हणत. मी तिथला कंपाउंडर. हिवतापाचा रोगी आला की ते त्याचे बोट टोचत, थेंब काचेवर पसरत, रंग देत, आणि एक डोळा मिटून गुरगुरत, "बसला पाहा आत, अंगठीवानी! पण गेला कसा?"

जेवायला जाताना ते डोळ्याकडचे भिंग काढून कनवटीला लावून नेत. माझ्या कोयनेलात, म्हणजे हिवतापाच्या कडू पुडीत, पीठ असणार म्हणून रोज चिमूटभर चाखत. तोंड वाकडे झाले की मगच मला रामराम. ताज्या थेंबावर तासन्‌तास डोळा लावून बसत, हा चोर, म्हणजे हिवतापाचा जंतू, शिरताना सापडावा म्हणून. तो कधी सापडला नाही. पाहावे तेव्हा आत.

"बाजूले पांढरी पेशी असते, तिच्या वाटेले जात नाही. तांबडीच बरी ओळखते! चाचपून पाहत असन बदमाश. अन् आतून कोणीतरी कडी काढून देते, गड्या."

आणि माझ्याकडे असे पाहत, की कडी मीच काढली!

भाजीच्या मळ्यातली सखूबाई नवऱ्याला घेऊन येई. त्याला तिजारीचा ताप, दिवसाआड नेमाने येणारा. तापाच्या पाळीच्या दिवशी ती त्याला शेजाऱ्याचे कपडे घालून शेजाऱ्याच्याच घरी बसवी. ताप घरी येतो, माणूस ओळखू येत नाही, आल्या पावली परत जातो. अशी आमच्याकडची समजूत.

"बाई, तो काय कपडे पाहून येते?" भिंगवाले खो खो हसले.

"तुमी त्याले कधी येताना पाह्यलं काय, भाऊ?"

भिंगवाल्यांनी हसू आवरले आणि पुन्हा भिंगाला डोळा लावला.

पुढे जपानशी लढाई जुंपली आणि कोयनेल मिळेनासे झाले. शेवटच्या पुड्या एकाच माणसापुरत्या उरल्या, आणि नेमका तेव्हाच भिंगवाल्यांनाही ताप. त्यांनी स्वतःची आणि सखूबाईच्या नवऱ्याची अशा दोन काचा पाहिल्या. "त्याच्याच रक्तात चोर जास्त हाये. दे त्याले."

"मला पाहू द्या," मी म्हणालो. त्यांनी भिंग काढून कनवटीला लावले. आयुष्यभर त्यांनी माझ्यावर संशय घेतला. मी त्यांच्यावर घेतला तो त्या एकाच दिवशी, की चोर जास्त त्यांच्याच काचेत होते.

पुढच्या पाळीला ते घरी नव्हते. सापडले सखूबाईच्या ओसरीवर, कांद्याच्या ढिगाआड, तिच्या नवऱ्याची बंडी आणि पागोटे घालून!

"अहो, तुम्ही?"

"श्श! माहं नाव घेऊ नको."

दुपार टळली. ताप आला नाही. सखूबाईने आनंदाने त्यांच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटे मोडली, मी टाळी वाजवली. ते मात्र पागोट्याखालून दाराकडे पाहत राहिले. "डाव असन त्याचा."

डावच होता. त्यापुढच्या पाळीला ते पुन्हा तिथेच, त्याच वेषात बसले होते. ताप आला आणि थेट डोक्यात गेला. दोन दिवसांत सगळे आटोपले.

उचलण्याआधी सखूबाईने त्यांच्या उशाचे पागोटे हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले, आणि एवढ्या माणसांत मोठ्याने म्हणाली, "पागोटं तं आमच्या घरच्याचं होतं, मंग मेल्या तापानं ओळखलं कसं?"