कान्हूदादांची फुंकर

आमचे कान्हूदादा म्हात्रे रोह्यात कंपनीची बस चालवतात. दारूला उभ्या जन्मात न शिवलेला माणूस. पण एका सकाळी गेटवर फुंकर मारली, तर दारू तपासायचं यंत्र बोंबललंच!

दादा भडकले. "मी पीत नाय!"

गार्ड वृंदाताईंनी विचारलं, "आत्ता काय खाल्लंत?"

"रसाळ बरका फणस. शेजारच्या जित्याच्या बहिणीनं दिलेला. जरा आंबलेला, पण टाकायचा कसा?"

ताई हसल्या. "यंत्र रक्तातून फुप्फुसात, तिथून श्वासात आलेली दारू मोजतं. तोंडातल्या आंबलेल्या रसानं फसतं."

चूळ भरून दादा पाव तास थांबले, पुन्हा फुंकले. शून्य! बसमध्ये टाळ्या.

दुसऱ्या दिवशी दादा अख्खा फणस घेऊन हजर. पहिला गरा ताईंना भरवला आणि यंत्र पुढे केलं, "आता तुमी फुंका!"