मालकांची सही
पेट्रोलचा वास आला की सोलापुरातल्या आमच्या दुकानातली ती दुपार आठवते. वडील वारल्यावर वर्षभरात माझ्या दोघा थोरल्या भावांनी मोटार घेतली. ती कुणाच्या नावावर घ्यायची यावर दोघांचं जमेना, म्हणून दुकानासारखीच तिचीही पावती वारलेल्या वडिलांच्याच नावावर फाडली. विम्याचा एजंट घाम पुसत म्हणाला, "मालकांची सही लागेल." दोघांतल्या थोरल्यानं वडिलांच्या हार घातलेल्या फोटोकडं बोट केलं. "मालक त्ये काय, वर बसलेत की!" एजंट हसला नाही. "जिवंत माणसाचं नाव घाला, नाहीतर कुठं धडकलात तर दमडी मिळणार नाही." आता ज्याचं नाव लागेल तो घराचा कर्ता ठरणार आणि दुसरा वेगळी चूल मांडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोघं येरझारा घालू लागले. मीही उगाच उठबस करत होतो. शेवटी दारातून अव्वा, म्हणजे आमची आई, म्हणाली, "माजं नाव घाला. अंगठा हाय की माजा." ती मोटारीत कधीच बसली नाही. किल्ली मात्र तिच्या पदराला असायची, आणि ती मागायला दोघांनी बरोबर यायचं, असा तिचा नियम होता. आता माझी मुलं माझ्या मोटारीवरून धुसफुसतात, आणि माझ्याकडं तसला पदर नाही.