मंदीच्या साली अड्याळच्या बाजारात

धंदा जोरात असतो तेव्हा सांगण्यासारखं काही घडतच नाही. माझ्या कापड दुकानातली चांगली वर्षं आठवायला गेलो तर नुसता कापड फाडल्याचा आवाज आठवतो. पण मंदीच्या सालातली एकेक दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. गिऱ्हाईक नसलं की माणसं एकमेकांकडे पाहत बसतात, आणि त्यातूनच किस्से साचत जातात.

अड्याळच्या बाजारात आमची तीन दुकानं लागून आहेत. मधलं माझं. डावीकडे भास्करभाऊंचं पितळी भांड्यांचं, उजवीकडे पुरुषोत्तमचं चपला-बुटांचं. त्या साली आम्ही तिघं मिळून जेवढा चहा प्यायलो तेवढा माल काही विकला नाही.

*

मंदी काहून आली, याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार होतं. भास्करभाऊंच्या मते सगळा दोष मोबाइलचा, लोक घरी बसून बोटानं खरेदी करतात. पुरुषोत्तम म्हणायचा, लोक पायी चालतच नाहीत तर चपला झिजतील कशा? माझं बोट लग्नांकडे. पुण्या-सुरतेच्या कंपन्या बंद पडल्या, पोरं घरी परतली, आणि बिननोकरीच्या पोराला मुलगी कोण देणार? लग्न नाही तर शालू नाही, पाणी भरायचा पितळेचा गुंड नाही, नवरदेवाचे बूट नाहीत.

एकदा पुरुषोत्तमचे साडभाऊ आले. ते भंडाऱ्याच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. आम्ही त्यांना बसवून घेतलं. त्यांनी छान समजावून सांगितलं. एक कारखाना माणसं काढतो, ती माणसं खरेदी थांबवतात, म्हणून दुसरा कारखाना माणसं काढतो. मग ज्याची नोकरी शाबूत आहे तोही घाबरून हात आखडतो. कोणीतरी आधी खरेदी केली तरच चाक फिरतं.

"मंग आपणच फिरवून पाहू," भास्करभाऊ म्हणाले.

त्यांनी तिथल्या तिथे माझ्याकडून सफारीचं कापड घेतलं. त्याच पैशातून मी पुरुषोत्तमकडून बूट घेतले. पुरुषोत्तमनं भास्करभाऊंकडून पाणी तापवायचा तांब्याचा बंब घेतला. दिवेलागणीला तिघांचीही विक्री झालेली, तिघंही खूश.

सकाळी पुरुषोत्तम बंब डोक्यावर घेऊन हजर. घरी गिझर असताना हा कायले आणला, असं बायकोनं विचारलं होतं. त्याचे पैसे द्यायचे म्हणून भास्करभाऊंनी कापड मला परत केलं, आणि मी बूट पुरुषोत्तमला.

"पण एक दिवस मंदी हटली होती न," भास्करभाऊ म्हणाले.

साडभाऊंनी मात्र काहीच घेतलं नव्हतं. ते तासिका तत्त्वावर होते, आणि पगार अडकला होता.

*

नागपूरच्या कोण्या दुकानदाराची युक्ती पुरुषोत्तमच्या कानावर आली. त्यानंही आपल्या दुकानावर मोठा बोर्ड लावला: 'दुकान बंद करणे आहे. स्टॉक क्लिअरन्स सेल.'

लोक आले. चांगली गर्दी झाली. पण सगळे भेटायला आले होते. चपला बाहेर काढून आत यायचे, गप्प बसायचे, आणि त्याचे वडील किती सज्जन होते ते सांगायचे. अशा वेळी स्वस्तात माल उचलणं कोणालाच बरं वाटेना. एक म्हातारी तर त्याच्या पाठीवरून हात फिरवून गेली. पुरुषोत्तमला प्रत्येकाला चहा पाजावा लागला. तिसऱ्या दिवशी दिघोरीहून त्याचे सासरे टेम्पो घेऊन आले. पोरीचा संसार हलवायला.

त्यानं बोर्ड काढून टाकला. मग दुकान वाचलं म्हणून लोक अभिनंदनाला आले. पुन्हा चहा.

*

भास्करभाऊंचा धंदा त्या साली उलटा फिरला. लग्नात ज्यांनी त्यांच्याकडून भांडी नेली तेच लोक ती मोडीत घालायला आणू लागले. एकदा एका अनोळखी माणसानं गुंड आणला. भास्करभाऊंनी तो फिरवून पाहिला तर त्यावर नाव कोरलेलं: 'चि. सौ. कां. शकुन हिस, भाऊकडून सप्रेम'. हा भाऊ म्हणजे ते स्वतः. बहीण करडी गावात दिलेली. तिच्या घरी चुलीवर काय शिजतं आहे, हे त्या गुंडानं त्यांना सांगितलं.

त्यांनी त्या माणसाला मोडीचे पैसे मोजून दिले आणि गुंड ठेवून घेतला. रक्षाबंधनाला करडीला गेले आणि चिंच लावून लखलखीत केलेला तोच गुंड ओवाळणीत घातला. बहिणीनं नाव वाचलं. गुंड उचलून आत नेला.

दिवाळीच्या आधी गुंड परत मोडीत आला. भाऊबीजेला भास्करभाऊंनी तो पुन्हा नेला. आम्ही म्हटलं, भाऊ, सरळ पैसेच काहून नाही देत?

"पैसे तं शकुन घेतच नाही न," भास्करभाऊ म्हणाले.

*

शालिकमामा वडिलांच्या वेळेपासून आमच्या दुकानात कामाला होते. साडी उघडून दाखवावी तर त्यांनीच. ते पदर असा टाकायचे की बाई नको म्हणता म्हणता दोन घेऊन जायची. पण दाखवायला बाईच येत नव्हती. बरेच दिवस मी टाळलं. शेवटी एका संध्याकाळी सांगितलं, मामा, उद्यापासून नका येऊ, मला झेपत नाही. ते "बरं जी" म्हणाले आणि शटर ओढायला मला हात लावून गेले.

सकाळी मी दुकान उघडतो तर मामा पायरीवर. हातात रोजचाच डबा. आत येऊन ते गिऱ्हाईकाच्या बाजूनं गादीवर बसले.

"साड्या दाखवा शेठ."

मला वाटलं, मामीला घ्यायची असेल. म्हटलं, तुम्हाला आवडेल ती घेऊन जा, पैशांचं राहू द्या.

"तसं कसं? पसंत तं पडू द्या."

मी दाखवू लागलो. ते प्रत्येकीचा काठ चाचपत, उजेडात धरून पाहत, मान हलवत. दुसरा रंग मागत, कोसा रेशमातली मागत. मी फडताळं रिकामी करत गेलो. दुपारपर्यंत गादीवर एवढा ढीग झाला की लग्नसराई आल्यासारखं वाटलं. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बाया डोकावूनही गेल्या. मी साड्या उघडत राहिलो.

मामांनी त्यांच्या नेहमीच्या कोपऱ्यात डबा खाल्ला. मग उठले. एकेक साडी घडी घालून तिच्या तिच्या फडताळात ठेवली. गादीवरची चादर झटकली, काउंटर पुसला. संध्याकाळी चपला घालून पायरीवर थांबले.

"आज काही मनासारखं नाही भेटलं शेठ," ते म्हणाले. "उद्या लुगडे दाखवा."