उभ्या आजीचा भात

कोरियाच्या जेजू बेटाच्या दक्षिण काठाला, पाण्यात पाय सोडून, एक काळा सुळका एकटाच उभा आहे. गाव त्याला उभी आजी म्हणतं. नवरा मासे धरायला गेला, परतला नाही; बायको काठावर उभी राहून हाका मारत राहिली आणि हाका मारता मारता दगड झाली. सरकारने अलीकडे तिला संरक्षित नैसर्गिक स्मारक ठरवलं. इतकी वर्षं ती वारा-लाटांच्या भरवशावर होती, आता एका दोरीच्या कुंपणाच्या भरवशावर आहे.

गावाचा हिशोब साधा आहे. जी बाई कायम उभीच, ती चूल कधी पेटवणार? म्हणून दुसऱ्या चांद्रमहिन्यात, वाऱ्याची देवी बेटावर मुक्कामाला आली की, समुद्रात बुड्या मारून शंख-कालवं काढणाऱ्या बायका पांढऱ्या कागदात भात बांधून आजीच्या पायाशी सोडतात. एक पुडी सागरराजाची, एक आजीची, आणि ज्या घरचं माणूस समुद्राने ठेवून घेतलंय, त्या घरची आणखी एक. भातच का, तर या बेटावर भाताची शेती धड होत नाही. घरात जे नसतं तेच देवांना लागतं.

बू ओक-रान तीन पुड्या बांधायची. धाकटी मुलगी रांगत होती तेव्हा तिचा नवरा होडी घेऊन गेला, तो गेलाच. लोक हळहळले, म्हणाले, आता ही दुसरी उभी आजी. ओक-रान म्हणाली, मला उभं राहायला वेळ नाही. आणि सकाळी पाण्यात उतरली. त्याच पाण्यात. मुली त्यावर वाढल्या, शिकल्या, लग्न करून शहरात गेल्या. ओक-रानचे केस पांढरे झाले, गुडघे गेले. पुड्या मात्र एकाही वर्षी चुकल्या नाहीत, आणि याही वर्षी चुकवायचा तिचा विचार नव्हता.

कुंपणापाशी राखणदार म्हणून नेमलेला होता तिचाच भाचा, सांग-चोल.

"आत्या, मागे हो. दोरीच्या आत कुणालाच सोडायचं नाही."

"मी कुणीही झाले होय रे? तुझं नाक पुसलंय मी."

"म्हणून तर हात जोडतोय. नोकरी जाईल माझी. इथूनच टाक ना पुडी."

"जेवण असं लांबून टाकतात? कुत्रं आहे का ती? आणि ही तिची पाठ आहे. पाठीला भरवू?"

पर्यटक ज्या बाजूने फोटो काढत, ती खरंच आजीची पाठ होती. तोंड समुद्राकडे. नवरा तिकडे गेला होता, रस्त्याकडे नव्हे.

ओक-रान लंगडत खाली बायकांच्या शेकोटीच्या आडोशाला गेली. तिथे धूर न येणाऱ्या जागी को बोक-ही बसली होती. ती जागा मानाची, म्हणजे आता बुड्या मारणाऱ्या बायकांची प्रमुख तीच. ओक-रानला रबरी पोशाख चढवताना पाहून ती उठलीच.

"ताई, हे काय? देवी अजून गावात आहे. ती जाईपर्यंत पाण्यात उतरायचं नाही, तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"काय शिकवलं? नीट सांग."

"तिच्या दिवसांत समुद्रातून काही काढायचं नाही."

"मग मी काढायला कुठे चाललेय? द्यायला चाललेय."

ओक-रानने आपली जाळी आणि कालवं उचकटायचा सुरा बोक-हीच्या पायाशी ठेवला.

"हे सांभाळ. रिकाम्या हातांनी चोरी करता येत असेल तर मला अडव."

"आणि तुमचे गुडघे?"

"ते जमिनीवर दुखतात. जमिनीची वाट सरकारने बंद केलीय."

बोक-हीने पाण्यात घालायच्या चष्म्याची काच पुसली आणि तो तिच्या हातात दिला.

वारा बोचरा होता. पाण्यात मात्र ओक-रानचं वजन उतरलं, लंगडणंही. पुड्या पोशाखाच्या गळ्यात खोचून ती कड्याला वळसा घालू लागली, तेव्हा वरून ओरडणं आलं.

"आत्या! कुठे निघालीस?"

"दोरीच्या बाहेर आहे ना मी?"

सांग-चोलने दोरीकडे पाहिलं, मग समुद्राकडे. जमीन संपली तिथे दोरी संपली होती. "आहेस," तो म्हणाला.

आजी समोरून होती तशीच होती. ओक-रानने सागरराजाची पुडी सोडली, सरळ बुडाली. आजीचीही बुडाली. नवऱ्याची तरंगत राहिली. दर वर्षी तरंगायची. तो जिवंतपणीही एका हाकेत जेवायला बसला नव्हता.

"बस म्हटलं ना," ओक-रान म्हणाली, आणि पुडी मुठीत धरून खाली गेली. काळोखात आजीच्या पायाच्या दगडी बोटांत ती घट्ट कोंबली, थोडी थांबली, आणि वर आली.

तिने सोडलेल्या श्वासाची शिट्टी वर कुंपणापर्यंत ऐकू गेली. सांग-चोल नेमून दिल्याप्रमाणे आजीच्या पाठीवर नजर ठेवून उभा होता.