चिकावर ढकललेला डोळा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एका मे महिन्यात धाकटा भाऊ मुंबईहून रजेवर घरी आला. आठवड्याभरात त्याचा उजवा डोळा लालभडक झाला. आंब्याच्या दिवसांत आमच्याकडे लाल डोळ्याचं कारण कुणी विचारत नाही. चीक उडाला असणार! आईने गुलाबपाणी घातलं.

मला ते पटेना. चिकाने कातडी भाजते, पापणी सुजते. पण याला एकाची दोन माणसं दिसायला लागली होती. मी त्याच्यासमोर बोट धरून तपासलं. डावीकडे एक, उजवीकडे दोन, समोर दीड.

"दीड म्हणजे किती?"

"दादा, कचेरीसारखा घरात तरी हिशेब घेऊ नकोस!"

रत्नागिरीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आईसुद्धा आली. डोळा बाहेर वळवणारी नस लुळी पडली होती. बहुतेकदा ते साखरेने होतं म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर ठीक, रक्तदाबही ठीक.

"डोक्यात आवाज येतो?"

"येतो. भाताची गिरण चालल्यासारखा."

हे आम्हाला त्याने सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी मिटलेल्या पापणीवर छाती तपासायची नळी ठेवली, मग मलाही ऐकवलं. सूं, सूं. मी त्याची नाडी धरली. दोन्हींचा ठोका एकच.

"डोक्याला मार?"

"नाही."

उत्तर फार लवकर आलं. आमचे काका आंब्याच्या कलमावरून पडून वारले होते. तेव्हापासून आम्ही दोघं झाडावर चढणार नाही अशी आईने स्वतःची शपथ घातली होती. आणि आई शेजारीच बसली होती.

"आई, बाहेर बाकावर पिशवी राहिली का बघ."

ती गेली.

"आता बोल."

"आल्याच्या दुसऱ्या दिवशी कलमावरून पडलो. डोकं कुंपणाच्या गडग्याच्या चिऱ्यावर आपटलं. शपथ मोडल्याचं कळून तिला काही झालं असतं म्हणजे?"

डॉक्टर म्हणाले, "डोळ्यामागची धमनी फाटलीय. तिचं रक्त थेट शिरेत घुसतंय. मुंबईला न्या, उशीर केलात तर नजर जाईल."

"कसली पिशवी? काही नाही तिथे," आई दारातून म्हणाली.

मुंबईत त्याच्या मांडीतल्या धमनीतून डोक्यापर्यंत बारीक नळी घालून इवल्याशा फुग्याने ती फट बुजवली.

"आवाज थांबला, दादा."

डॉक्टरांसमोर सरळ 'नाही' म्हणणारा माणूस हा. मी तिथल्या डॉक्टरांकडे छाती तपासायची नळी मागितली. ते हसले, पण दिली. पापणीवर ठेवून मी बराच वेळ ऐकलं. काहीच नव्हतं. डोळा अजून आतच वळलेला होता. सरळ व्हायला महिने लागणार होते. पण दिसत होतं त्याला.