दोनदा सांगितलेली हकीकत

मी अर्जलेखक आहे. तहसील कचेरीच्या बाहेर, चिंचेच्या झाडाखाली माझे टेबल व टंकलेखन यंत्र गेली सव्वीस वर्षे एकाच जागी आहे, आणि माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याची गरज आजवर कोणत्याही साहेबांना भासलेली नाही. शिक्षण नववीपर्यंत, पुढची पायरी चढायची राहून गेली. हे दोन्ही मुद्दे आरंभीच नमूद करतो, कारण पुढील हकीकत त्यांच्यावरच उभी आहे.

माझी मुलगी तळेगावहून लोणावळ्याला कॉलेजात जाते. तिकडे वलवण धरणाच्या बाजूला एका निवृत्त प्राध्यापक बाईंचा बंगला आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी तेथे परदेशी चित्रपट लावतात, आणि दहाबारा मंडळी तो पाहून त्यावर चर्चा करतात. मुलगी तेथे नियमाने जाई. त्या रविवारी रेल्वेचा ब्लॉक असल्याने मी तिला स्कूटरवरून पोहोचवले. फाटकातून परत फिरणार, तोच बाई स्वतः बाहेर आल्या.

"आत या ना. इटलीचा जुना चित्रपट आहे, खुनाचा. खुनी कोण ते ओळखायचं."

मुलीने माझी ओळख करून दिली, "माझे बाबा. तहसीलमध्ये असतात."

ज्या जागेवर मी सव्वीस वर्षे ताठ मानेने बसलो, ती जागा माझ्या लेकीला त्या दिवाणखान्यात सांगवली नाही. मी दुरुस्ती केली नाही. चपला काढताना ती हळूच म्हणाली, "बाबा, फक्त बघा हं. इथे सगळे खूप शिकलेले आहेत." मी मान डोलावली. ती मान डोलावणे मला जड गेले, हे येथे लिहून ठेवतो.

पडदे ओढले गेले आणि भिंतीवर चित्र उमटले. तळ्याकाठचे एक लॉज, काळे हातमोजे घातलेले दोन हात, चकचकीत सुरा. पार्श्वभूमीला पाळण्यापाशी गावे असे गोड संगीत. ते सुरू झाले की कोणीतरी संपणार हे निश्चित. रक्त तर इतके लालभडक, की स्वयंपाकघराच्या दारात बसून पाहणाऱ्या, बंगल्याची व्यवस्था ठेवणाऱ्या मावशी मोठ्याने म्हणाल्या, "ह्यो रंग हाय. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावत्यात, त्यो!"

बोलणे सर्व इटालियन, आणि खाली इंग्रजी अक्षरांच्या ओळी. एक ओळ जुळवेपर्यंत दुसरी येई व पहिली जाई. पाचसहा मिनिटांत मी तो उद्योग सोडून दिला आणि कचेरीबाहेर पक्षकारासमोर बसतो तसा बसलो. नजर माणसावर आणि कान आवाजावर.

येथे माझी कामाची रीत सांगणे आवश्यक आहे. पक्षकार आला की मी लगेच कागद चढवत नाही. प्रथम त्याची हकीकत पूर्ण ऐकतो. नंतर चहा, पीकपाणी, मुलाबाळांची चौकशी. मग म्हणतो, "आता पुन्हा सांगा." खरे सांगणारा दुसऱ्या वेळी हमखास वाट सोडतो. आधी विसरलेली म्हैस त्याला आठवते, मागचे पुढे होते, मध्येच तो स्वतःवरच चिडतो. खोटे सांगणारा मात्र तीच वाक्ये, त्याच ठिकाणी थांबून, जशीच्या तशी म्हणतो. सोमाटण्याकडचा एक गृहस्थ भावाने बांध कोरल्याची तक्रार घेऊन आला होता. त्याने दोन्ही वेळा एकाच शब्दापाशी उसासा टाकला. मी त्याचा अर्ज लिहिला नाही. बांध त्यानेच कोरला होता, हे गावानेच मला पुढे सांगितले.

तर, चित्रपटात चर्चमध्ये बाजाची मोठी पेटी वाजवणारा एक वृद्ध होता. सौम्य, पायाने अधू. पहिल्या खुनाच्या दिवशी काय ऐकले ते त्याने पोलिसांना सांगितले. मध्ये थांबून चष्मा काढला, पुसला, तीन शब्द बोलला, चष्मा पुन्हा चढवला. बऱ्याच वेळाने तेच तो मृत बाईच्या पुतणीला बागेत सांगू लागला. मला एकाही शब्दाचा अर्थ कळत नव्हता. पण चाल तीच, थांबा तोच, आणि त्याच जागी चष्मा उतरला.

शेवटचा भाग उरला असता बाईंनी चित्र थांबवले. तेथील नियमच असा, की चहा घेता घेता प्रत्येकाने खुन्याचे नाव सांगायचे, कारणासहित. एका निवृत्त इंजिनिअरांनी डॉक्टरचे नाव घेतले. माझ्या मुलीने चित्रकाराचे. मावशींनी विचारण्याची वाट न पाहता "ती मांजरवाली!" म्हणून टाकले.

"पेटी वाजवणारा," मी म्हणालो.

हशा पिकला. इंजिनिअर म्हणाले, "अहो साहेब, त्याला जिना चढवत नाही! शिवाय पुतणीला वाचवलं त्यानंच. कारण काय तुमचं?"

कारण सांगायचे तर चिंचेखालचे टेबल त्या दिवाणखान्यात आणून मांडावे लागणार होते. मी मुलीकडे पाहिले. ती कपात पाहत होती.

"अनुभव," एवढेच मी म्हणालो.

"बरोबर! सरकारी कामात कारण द्यावंच लागत नाही, काय?"

पुन्हा हशा. मुलीने कप खाली ठेवला.

"काका, बाबा सरकारी नोकर नाहीत. मी अर्धवट सांगितलं. ते कचेरीच्या बाहेर, झाडाखाली बसून लोकांचे अर्ज लिहितात." मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, कशावरून ते सांगा. सगळं सांगा."

मी उभा राहिलो आणि सांगितले. पक्षकार, चहा, म्हैस, उसासा आणि चष्मा, क्रमवार. कोणी हसले नाही. बाईंनी चित्र मागे नेऊन ते दोन्ही प्रसंग लागोपाठ लावले. या खेपेस सगळ्यांनी खालची अक्षरे सोडून म्हाताऱ्याचे ऐकले.

"शब्दन् शब्द तोच," बाई म्हणाल्या. "आणि आम्ही सगळे खाली वाचत बसलो!"

उरलेला भाग कोणी पाठ टेकून पाहिला नाही. काळे हातमोजे एकेक बोट करून उतरले, आणि आतून निघाली ती पेटीवर फिरणारी बोटे. अधू पायाचा म्हातारा दोन्ही पायांनी ताडताड जिना चढून गेला.

"धरला गं बाई!" मावशी दारातून ओरडल्या. "भाऊंनी बराबर धरला!"

टाळ्या झाल्या. त्या मी संकोच न करता स्वीकारल्या. ज्याचे उत्तर बरोबर, त्याने पुढचा चित्रपट निवडायचा असतो. मी म्हणालो, "कोणताही चालेल. अक्षरे तेवढी झाका."

फाटकापाशी इंजिनिअर मागून आले. त्यांच्या सोसायटीला बिल्डरने कबूल केलेली पाण्याची टाकी बांधून मिळाली नव्हती. अर्ज करून द्याल का, असे त्यांनी विचारले.

"उद्या दहानंतर या," मी म्हणालो. "हकीकत दोनदा सांगावी लागेल."

"येऊ कुठे?"

मी तोंड उघडण्याआधी स्कूटरवर मागे बसलेली माझी मुलगी, दिवाणखान्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कचेरीच्या बाहेर, काका. चिंचेखाली. कुणालाही विचारा, बाबांचं टेबल दाखवतील."