दुखापत : निरंक

भूत, भास, अंगात येणं... यातलं मी कधीच काही मानलं नाही. जन्मभर कारकुनी केलेला माणूस कागदावर असेल तेवढंच खरं धरतो. आता एकाहत्तर वय झालं, म्हणून कागदावर नसलेलंही सांगून टाकतो.

महाड भागातल्या एका कार्यालयात मी कारकून होतो. नाव मुद्दाम देत नाही. आमच्या अग्निशमन पथकातल्या सुरेशने एका पुरात दासगावजवळ सावित्री नदीतून चार दिवस प्रेतं काढली. नंतर त्याची झोप गेली. पाण्याचा आवाज आला की हातपाय थरथरायचे. शेवटी नोकरी सुटली.

भरपाईच्या फॉर्मवर ‘दुखापत’ असा रकाना होता. मी आधी पेन्सिलीने लिहिलं – ‘झोप नाही. पाण्याला घाबरतो.’ मग वाटलं, हाड मोडलं नाही, टाका पडला नाही... याला दुखापत कोण म्हणेल? खोडलं. कोरा रकाना दिसला की कागद परत येतो, म्हणून सवयीने लिहिलं – ‘निरंक’, म्हणजे काहीच नाही. त्या शब्दावर त्याचा दावा फेटाळला गेला. त्याची बायको सुनंदा रडत आली, तेव्हा मी म्हणालो, “सही झाली, आता काही होत नाही.” होत होतं. पण चूक माझ्या नावावर लागली असती.

गेल्या वर्षी कळलं, सुरेशने त्या निकालावर अपील केलंय. एका सोमवारी मी दिवसभर महाडच्या कोर्टाबाहेर, ‘निरंक’ मीच चुकीचं लिहिलं, असं प्रतिज्ञापत्र टाइप करून घेतलं. सून सोबत होती. मंगळवारी सकाळी एसटीने पोलादपूरमार्गे त्याच्या गावी, कापड्याला गेलो.

अंगणात सुरेश बसला होता. “अगो, भाऊसाहेब परत आले बघ!”

“परत?”

“काल नाय का आलात? हितंच बसलात दोन तास,” सुनंदा म्हणाली.

“काल मी महाडला होतो.”

“मग साखरेचा दोन कप चा कोन प्याला?” सुरेश हसला. “रडलात पन. म्हनालात, आधी पेन्सिलीनं खरं लिवलं व्हतं, मग खोडलं.”

वीस वर्षं मी साखर घेतलेली नाही. आणि पेन्सिलीचं कुणालाच सांगितलेलं नव्हतं – सुनेलाही नाही, प्रतिज्ञापत्रातही नाही.

“मग... तू काय म्हणालास?”

“काय म्हननार? राग व्हता, गेला. म्हटलं, कागद तेवढा आना.”

दुसऱ्या दिवशी पेन्सिलीची ती ओळही घालून मी नवं प्रतिज्ञापत्र केलं आणि त्याच्या अपिलाला जोडलं.

सून म्हणते, त्यांना भास झाला असेल. दोघांना? एकच? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि खरं सांगू, आता शोधावंसंही वाटत नाही.

परवा सुरेशचा फोन आला. “भाऊसाहेब, मंजूर! आजार ड्युटीमुळंच झाला, असं लिवलंय. तुमचे आभार... आन त्या सोमवारच्या भाऊसाहेबांचे पन.”

किती वर्षांनी मी मोकळा हसलो. निरोप पोचवतो म्हणालो. कुठे पोचवायचा, ते मात्र अजून कळलेलं नाही.